दारामागची शाल

विलास,

तुझ्या श्रद्धांजलीच्या बोर्डाचा मजकूरसुद्धा माझ्याकडेच आला. दुसऱ्या कुणाकडे जाणार म्हणा. नाशकातल्या निम्म्या चौकांत 'युवकांचे आशास्थान' आणि 'गोरगरिबांचे कैवारी' मीच तर उभे केलेत. मंडळाचे दोघं माझ्या फ्लेक्सच्या दुकानात आले आणि म्हणाले, "मॅडम, रॉकीभाऊंचा बोर्ड करायचाय. शब्द जरा जड टाका." मी विचारलं, साइझ काय? दहा बाय आठ, म्हणाले. मग लिहायला घेतलं. हात रोजच्यासारखा चालला. हरहुन्नरी, दिलदार, उमदा. एरवी तू शेजारच्या स्टुलावर बसून माझ्या अशा प्रत्येक शब्दाला मुद्दाम खोकायचास. या वेळी कुणी खोकलं नाही, त्यामुळे तिन्ही शब्द तसेच राहून गेले.

फोटो म्हणून त्यांनी आपल्या कॅसेटचं कव्हर आणलं होतं. तू, काळा गॉगल, मावसभावाचा लग्नातला कोट आणि गळ्यात झेंडूचे इतके हार की मान दिसत नाही. तो फोटो काढताना हार सारखे घसरत होते, म्हणून तुझा मावसभाऊ मागून धरून बसला होता. कव्हरवर तुझ्या खांद्यामागे त्याची दोन बोटं दिसतात. बोर्डावर ती केळ्याएवढी झालीत. खाली मोठ्या अक्षरात 'कै. रॉकी राजाराम', आणि विलास हे नाव कंसात. तुझ्या घरासमोरच्या कोपऱ्यावर लावलाय. मी रोज त्याच्याखालून जाते.

मला रडू आलेलं नाही. गंगेवर तुझा दहावा झाला तेव्हाही नाही. दात काढायच्या आधी हिरडीला इंजेक्शन देतात ना, तसं झालंय. जीभ लावून बघते, काही लागत नाही.

दहाव्यानंतर मंगलचा फोन आला. मला वाटलं, कागदपत्रांचं काही असेल. ती म्हणाली, "नीलाताई, यांची शोकसभा ठेवलीय लासलगावकडं. माधवअण्णांनी पुढाकार घेतलाय. तिथं यांचा मरणोत्तर सत्कार करणारेत. शाल घ्यायला मला स्टेजवर बोलावलंय." मग म्हणाली, "तुम्ही दोघांनी ती गाणी केली तेव्हा मी नव्हते. ते सगळं चेष्टेत होतं का खरं, हे यांनी मला कधी धड सांगितलं नाही. हसायचे नुसते. तुम्ही सांगा. शाल घेऊ का नको घेऊ? उद्या अण्णांना कळवायचंय."

बघ, विलास. तू आणि मी इतकी वर्षं ज्यावरून भांडलो, ते भांडण तुझ्या बायकोने फोनवर माझ्या पुढ्यात ठेवलं आणि उत्तर मागितलं. आणि तू नाहीस. एकटीने भांडण मिटवायचं म्हणजे एका हाताने टाळी वाजवायची. मी तिला म्हटलं, उद्या घरी येते, मग सांगते.

तुला ते दिवस आठवत असतील. केबल नवीन होती. टीव्ही लावला की कुणीतरी केस वाढवलेला मुलगा समुद्रकाठी गिटार घेऊन उभा. ज्याला त्याला अल्बम काढायचा होता. तू लग्नांच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचास, मी थिएटरात मध्यंतरात दाखवायच्या जाहिरातींच्या स्लाइड लिहायचे. साड्या, फरसाण, मूळव्याध. एकदा चहा पिताना तू म्हणालास, "सगळे प्रेमावर अल्बम काढतायत. आपण अल्बम काढणाऱ्यांवर अल्बम काढू." मी त्याच कागदावर, मूळव्याधीच्या जाहिरातीखाली, पहिल्या दोन ओळी लिहिल्या:

शाल आणा, नारळ आणा, फोटोवाला आणा हो,
एवढा मोठा झालोय मी, कुणीतरी जाणा हो!

असा रॉकी राजाराम जन्माला आला. पहिल्या गाण्यात तो आरशासमोर स्वतःचा सत्कार करतो. मग गाव सोडतो, शहरात येतो, फोटोत डावीकडून तिसरा उभा राहतो आणि हळूहळू इतरांना ढकलत मधे येतो. प्रसिद्ध होतो. आईचा फोन आला तर 'मी आता बिझी' म्हणून ठेवून देतो. हार मिळेनासे झाले की स्वतःच विकत आणून दुसऱ्याच्या हातात देतो. शेवटच्या गाण्यात तो मेलेला असतो आणि आडवा पडल्यापडल्या आपल्या शोकसभेतली भाषणं ऐकतो. माइक शिट्टी मारतो, वक्ता नाव चुकवतो, आणि राजाराम उठून दुरुस्ती करायला बघतो. ते गाणं रेकॉर्ड करताना तू हसलास. परत घेऊ म्हणालास, परत हसलास. शेवटी ते हसू तसंच ठेवलं. अल्बमचं नाव 'माझा सत्कार कधी?'

स्टुडिओ म्हणजे तुझी गच्चीवरची खोली. त्या काळात सगळे हौशी लोक भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवायचे, आवाज घुमू नये म्हणून. तू कुठूनतरी ट्रे आणलेस आणि तुझी आई जिन्यात आडवी उभी राहिली. "रिकामे असले म्हणून काय झालं? माळकऱ्याच्या घरात अंड्याची टरफलं नकोत." तू सांगत होतास, अगं टरफलं नाहीत, पुठ्ठा आहे. आई हलली नाही. मग तू गावाकडून कांद्याची गोणपाटं आणलीस आणि चुका, म्हणजे बारीक खिळे, मारून भिंतींना ठोकलीस; दारामागच्या पट्ट्याला तेवढी पुरली नाहीत. आवाज घुमायचा थांबला, पण खोलीत शिरलं की डोळ्यांना पाणी. 'मी आता बिझी' या गाण्यात दुसऱ्या कडव्याच्या आधी मी शिंकलेली ऐकू येते. लोकांना वाटतं, ते मुद्दाम टाकलंय.

आणि तुझी टाळी. कुठल्याही खोलीत शिरलास की आधी एक टाळी वाजवायचास आणि मान तिरकी करून थांबायचास. "टाळी परत आली तर खोली कच्ची. गेली ती गेली, तर खोली तयार." देवळात, बँकेत, डॉक्टरकडे, सगळीकडे हेच. मी तुला म्हणायचे, लोक वेडा समजतील. तू म्हणायचास, रॉकी राजाराम समजतात त्यापेक्षा बरं.

कॅसेट फारशी कुणी घेतली नाही. कव्हर बघून हसायचे आणि परत ठेवायचे. पण कुण्या एका लाउडस्पीकरवाल्याला पहिलं गाणं आवडलं, आणि त्याने ते एका सत्कारात वाजवलं. त्याला वाटलं, सत्काराचंच गाणं आहे. चूक त्याची नाही. पेटी, ढोल, 'शाल आणा, नारळ आणा', दुसरं कशाला असणार? मग दुसऱ्याने वाजवलं. बघता बघता निफाडपासून देवळ्यापर्यंत कुणालाही हार घालायचा झाला की आपलंच गाणं. सत्काराची खिल्ली उडवणारं गाणं सत्कारात वाजतंय, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायला आपण दोघं लासलगावजवळच्या त्या गावात गेलो. मागच्या खुर्च्यांवर तोंडाला रुमाल लावून बसलो.

सत्कार माधवअण्णांचा होता. सोसायटीचं काम सोडलं म्हणून. ठेंगणे, काळेसावळे, टोपी सारखी सरळ करणारे. गाणं वाजलं, शाल पडली, आणि अण्णांनी माइक हातात घेतला. "हे गाणं ज्यानं कुणी लिहिलं, त्याला माणसाचं काळीज कळलं हाय. आयुष्यभर गावाची कामं केली मी. रस्ता केला, तर लोकांनी खड्डा दाखवला. पाणी आणलं, तर म्हणले, उशिरा आणलं. कुणी कधी एक नारळ हातात दिला नाय. घरी आरशासमोर उभा राहून मी सोताच टोपी काढून सोताला नमस्कार केलाय बघा. खोटं नाय सांगत. लय खरं लिहिलंय."

मी रुमालात हसत होते. तू थांबला होतास.

तेवढ्यात कुणीतरी कव्हरवरून तुला ओळखलं. "आरं, हेच ते! रॉकी राजाराम!" तुला ओढून स्टेजवर नेलं. आता ऐनवेळी दुसरी शाल कुठून आणणार? अण्णांनी स्वतःच्या अंगावरची काढली, पाच मिनिटांपूर्वी मिळालेली, आणि तुझ्या खांद्यावर घातली. सगळे टाळ्या वाजवत होते. मी पर्स मांडीवर घेऊन बसले होते.

परत येताना आपण निफाडला चहाला थांबलो. तू ती शाल घडी करून मांडीवर ठेवली होतीस. म्हणालास, "नीले, आपण नक्की कुणाची चेष्टा केली?"

"ज्याची करायची त्याचीच."

"त्या माणसाची नव्हती करायची."

"मग शाल परत द्यायची होतीस."

"कशी देऊ? तू दिली असतीस?"

मी हो म्हणाले. तू चहा संपवलास आणि पैसे द्यायला उठलास. भांडण तिथे सुरू झालं आणि मग कधी थांबलंच नाही.

त्यानंतर बोलावणी येतच गेली. गणपती, नवरात्र, पतसंस्थेचं उद्घाटन, कुणाच्या मुलाचा वाढदिवस. रॉकी राजारामला बोलवा, तो गाणं म्हणेल, शाल घेईल. तू पहिली शाल कीबोर्डमागच्या गोणपाटावर चुण्या घालून ठोकलीस आणि म्हणालास, आवाज आणखी बसला. बरी सबब मिळाली तुला. मग दुसरी, तिसरी. मरून, गुलाबी, मोरपंखी. लोकर नाममात्र, पण चुण्या भरपूर. मी म्हणायचे, तू राजाराम झालायस. तू म्हणायचास, मी खोली करतोय. पण फेटा बांधून घेताना तू डोळे मिटायचास, विलास. मी बघितलंय. आवाजासाठी कुणी डोळे मिटत नाही.

एकदा तू चिडलास. एरवी चिडत नसायचास. "तू दिवसभर फ्लेक्सवर लोकांना कैवारी करतेस आणि मला शहाणपण शिकवतेस? तू लिहितेस ते खोटं, माहीत असून लिहितेस. मी घेतो ती शाल तरी खरी असते. देणाऱ्याने दुकानात जाऊन रंग निवडलेला असतो." मी म्हटलं, माझं ते पोट आहे. तू म्हणालास, आणि माझं हे काय आहे, ते मला विचारलंस का कधी? मी विचारलं नाही. तूही पुढे सांगितलं नाहीस. निवडणुकीच्या प्रचाराची गाणी करायचं तुझं काम आलं होतं, रिक्षांवर वाजवायची. आपण त्याकडे वळलो.

दुसरा अल्बम काढायचा, हे मात्र दर वेळी ठरायचं. तू म्हणायचास, खोली पूर्ण होऊ दे. दारामागचा पट्टा अजून उघडा होता. गोणपाटसुद्धा नव्हतं तिथे, नुसता चुना. रस्त्यावरचा सगळा गलका त्याच तुकड्यावर आपटून आत यायचा. एक शाल आली की झालं. मी म्हणायचे, तू सत्कार घ्यायचे थांबव, मग मी लिहीन. म्हणजे शाल आल्याशिवाय तू सुरू करणार नाहीस आणि शाल घेशील तोवर मी लिहिणार नाही. दोघंही शहाणे. अडाणी असतो तर एव्हाना तीन अल्बम झाले असते.

शेवटचं भेटलो तेव्हा तू स्कूटर बंदसुद्धा केली नाहीस. दुकानासमोर एक पाय टेकवून म्हणालास, "एकच राहिली गं." मी म्हटलं, "राहू दे." तू हसून गेलास. एवढंच. यापेक्षा बरं काही बोलायचं आपल्याला सुचलं नाही.

मंगलकडे गेले त्या दिवशी मी आधी गच्चीवर गेले. खोली तशीच आहे. शालींच्या खालून कांद्याचा वास अजून येतो, तुला येत नसे म्हणून तू मानायचा नाहीस. मी खुर्चीत बसले आणि स्वतःचा श्वासही नीट ऐकू येईना. गेले काही दिवस माझ्या आत जसं आहे, तसंच तिथे बाहेर होतं. बरं वाटलं म्हणणार नाही. पण तिथून उठावंसं वाटेना.

मंगल चहा घेऊन वर आली. भिंतींकडे बघत म्हणाली, "मला बघायला आले ना, तेव्हा यांनी आमच्या पुढच्या खोलीत टाळी वाजवली. बाबांना वाटलं, डास मारला. म्हणाले, आमच्याकडं डास नाहीत हो. मग हे म्हणाले, खोली छान आहे तुमची, फक्त जरा कच्ची आहे. आई आतमधे रडायला लागली. नवं घर होतं आमचं." आम्ही दोघी हसलो. हसू खोलीत फार लांब गेलं नाही. मग तिने विचारलं, "तर घेऊ का, ताई? चेष्टा होती का खरं?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. घेऊ नकोस. आपण दोघं ज्यावर सगळ्यात जास्त हसलो, तेच तुझ्या नावाने होणार, आणि तुझी बायको तिथे मान वाकवून उभी राहणार. हे मी होऊ देणार नव्हते. मी बोलणार तेवढ्यात वाऱ्याने दार लोटलं गेलं आणि मागचा तो पांढरा पट्टा दिसला. खालून रिक्षाचा भोंगा चालला होता, कुठल्यातरी सेलची जाहिरात, बहुतेक माझीच लिहिलेली. सगळी त्या पट्ट्यावर आपटून आत आली.

"मला माहीत नाही, मंगल," मी म्हटलं. "खरंच नाही माहीत. पण एक शाल कमी आहे."

तिनेही त्या पट्ट्याकडे बघितलं. "मग घेते," म्हणाली.

शोकसभा तू ऐकायला हवी होतीस. आधी आपलं गाणं लावलं. मोठ्या स्पीकरवर तुझा आवाज, 'कुणीतरी जाणा हो', आणि समोर सगळं गाव पांढऱ्या कपड्यांत. मला काही झालं नाही. मग माइकने शिट्टी मारली. लांब, कान फाडणारी. आणि पाहुण्यांनी सुरुवात केली, "आपले लाडके कैलासवासी विकास..." मागून कुणी म्हणालं, विलास, विलास. ते म्हणाले, "हां, तेच." शब्दाला शब्द आपलं शेवटचं गाणं, रे. मी सवयीने डावीकडे वळले, तुझ्याकडे बघायला, कारण आता तू रुमाल तोंडात कोंबलेला असणार. डावीकडे एक म्हातारी बाई होती. तिने मला पाणी हवंय का विचारलं. तेव्हा पहिल्यांदा काहीतरी लागलं. फार नाही. इंजेक्शन उतरायला लागलं की ओठाच्या कडेला कळतं, तेवढं.

अण्णा आता थकलेत. दोघांनी धरून आणलं. मंगलच्या खांद्यावर त्यांनी शाल घातली. माइक बाजूला केला. तिला हळू म्हणाले, ते मला पहिल्या रांगेत ऐकू आलं: "माझी पयली शाल त्याच्याकडं हाय, पोरी. जपून ठेव." मंगल म्हणाली, "आहे हो अण्णा. भिंतीला आहे." त्यांना काय समजलं, कुणास ठाऊक. त्यांनी मान हलवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पर्स धरून बसले. मी बदलले नाही, हे तुला कळावं म्हणून सांगते. स्टेजवरच्या शालीबद्दल माझं मत होतं तेच आहे.

काल संध्याकाळी आम्ही दोघी वर गेलो. जांभळी आहे शाल, बारीक जरीची. रंग वाईट आहे, तू नाक मुरडलं असतंस आणि ठोकली असतीस. मंगलने चुका दिल्या, मी स्टुलावर चढून चुण्या घातल्या. एक चूक वाकली. तुझ्यासारख्या एकसमान चुण्या मला जमल्या नाहीत, पण पट्टा झाकला गेला. खाली रस्ता चालू होता, तो आत येईनासा झाला. मंगल म्हणाली, चहा टाकते, आणि खाली गेली. तिने दार ओढून घेतलं.

मी मधे उभी राहिले. इतक्या सत्कारांत तुझ्यासाठी एकदाही जे केलं नव्हतं, ते केलं. दोन्ही हात वर घेतले आणि एक टाळी वाजवली. चांगली, जोरात. मग तुझ्यासारखी मान तिरकी करून थांबले.

गेली ती गेली. खोली तयार आहे, विलास.